फोल्डर क्रमांक १०००२

टॅली ईआरपी ९ या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये कंपनी निवडण्याची यादी उघडल्यावर एखाद्या ओळीत पेढीच्या नावाऐवजी नुसते स्टार दिसत असतील आणि शेजारी पाच आकडी क्रमांक असेल, तर त्या डेटाला टॅली व्हॉल्ट (पासवर्डचे गुप्त कुलूप) लावलेला आहे, असे समजावे. ऑगस्ट २०१९ च्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर मी अशाच एका ओळीकडे पाहत बसलो होतो. क्रमांक होता १०००२. पेढीचे मालक, ज्यांना सगळा बाजार अण्णा म्हणत असे आणि मीही म्हणत असे, जुलैच्या अखेरीस हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. पाठोपाठ पंचगंगेला पूर आला, नदीकडच्या गोदामात कमरेएवढे पाणी शिरले, आणि ते ओसरून गाळ काढून होईपर्यंत हिशेबाचा संगणक उघडण्याचे कोणाला सुचले नव्हते. तो उघडला तेव्हा समोर हे स्टार होते, आणि त्यांच्यामागचा पासवर्ड अण्णांबरोबर गेला होता.

हा व्हॉल्ट लावायला मीच शिकवले होते, हे आधीच सांगून टाकतो. २०१८ च्या दिवाळी पाडव्याला वहीपूजन झाले आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत अण्णांचा फोन आला. पेढीवरचा हिशेबनीस नोकरी सोडून गेला होता आणि जाताना त्याने डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर नेला असावा, असा त्यांना संशय होता. तो खरा होता की खोटा, हे कधीच कळले नाही. पण सुताच्या धंद्यात कोणाला कोणत्या दराने आणि किती दिवसांच्या उधारीवर माल जातो हीच खरी पुंजी असते, त्यामुळे त्यांची घालमेल मला समजत होती. मी फोनवरूनच सांगत गेलो : ऑल्ट आणि एफ-३ दाबा, ‘चेंज टॅली व्हॉल्ट’वर जा, नवा पासवर्ड दोनदा टाका. ‘झालं,’ ते म्हणाले. ‘काय ठेवलाय ते मलाही सांगू नका,’ असे मी मोठ्या रुबाबात म्हणालो. तो एका चिठ्ठीवर लिहून, पाकीट चिकटवून काकूंच्या (अण्णांच्या पत्नीच्या) ताब्यात द्या, एवढे एक वाक्य मात्र माझ्या तोंडून निघाले नाही. वीस वर्षे लोकांच्या टॅलीची कामे करणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघायला हवे होते.

‘टॅलीचा पासवर्ड विसरलो’ असे सांगणारे फोन मला नेहमीच येतात आणि प्रत्येक वेळी पहिला प्रश्न मी हाच विचारतो की कोणता पासवर्ड, कारण टॅलीला कुलपे दोन असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिले कुलूप युजरचे. कोणी आत यायचे, कोणी फक्त एन्ट्री मारायची, कोणी ताळेबंद बघायचा, हे त्यावरून ठरते. ते दारावर बसवलेल्या राखणदारासारखे असते. दुसरे कुलूप व्हॉल्टचे, आणि ते दाराला नसून मजकुरालाच असते. व्हॉल्ट लावला की फाइलींतला सगळा हिशेब गुप्त लिपीत जातो, इतका की कंपनीचे नावसुद्धा टॅलीला वाचता येत नाही, आणि म्हणूनच यादीत नावाच्या जागी स्टार येतात. राखणदाराची समजूत घालण्याचे दोन-चार मार्ग असू शकतात. गुप्त लिपीतल्या मजकुराची किल्ली मात्र तो पासवर्डच असतो, आणि तो विसरलात तर आम्हीही परत देऊ शकत नाही, असे टॅलीवाल्यांनी आपल्या मदतीच्या मजकुरात स्वच्छ लिहून ठेवले आहे. त्यात त्यांचा दोष काढण्यासारखे काही नाही. जे कुलूप त्यांना उघडता आले असते, ते चोरालाही कधीतरी उघडता आले असते.

हे सगळे मी काकूंना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे तुम्हीच बसवलंत, आणि तुम्हालाच उघडत नाही?’ त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. त्यामुळेच ते जास्त लागले.

कामाला हात घालण्याआधी मी काकूंची आणि पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाची सही असलेले पत्र पेढीच्या लेटरहेडवर घेतले, सोबत अण्णांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली. घरच्यासारख्या माणसांकडे कागद मागायला संकोच वाटतो, पण मी तो नियम मोडत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातला डेटा उघडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा प्रकार आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठे कारण अनुभवाचे आहे. कुलूपबंद डेटा घेऊन येणाऱ्यांत भांडून वेगळे झालेले भागीदारही असतात. भागीदारी कायद्याच्या कलम १२ नुसार पेढीच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला असतो, हे खरे. पण तो हक्क त्याने पेढीकडे मागायचा असतो, रात्री नऊ वाजता माझ्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन येऊन नव्हे. अण्णांची पेढी एकट्याच्या मालकीची होती, वारस दोघेच होते आणि दोघे समोर बसले होते, तेव्हा तो प्रश्न इथे नव्हता.

पहिले काम म्हणजे नक्कल. डेटाचा पूर्ण फोल्डर मी दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घेतला, त्यांतली एक काकूंच्या कपाटात ठेवायला दिली आणि पुढचे सगळे प्रयत्न तिसऱ्या प्रतीवर केले. घाबरलेला माणूस आधी काहीतरी करून बघतो आणि नक्कल नंतर काढतो. मग जे नुसते बंद होते ते मोडतेही.

त्यानंतर अंदाज सुरू झाले. मी एक वही आखली : टाकलेला शब्द, तो कोणी सुचवला, आणि नेमका कसा टाकला. वही नसली की तोच अंदाज चार वेळा टाकला जातो आणि पाचवा, जो कदाचित बरोबर असतो, राहून जातो. काकूंनी कुलदैवताचे नाव सांगितले, मुलाने स्वतःची जन्मतारीख सांगितली, दुकानातल्या पोऱ्याने अण्णांच्या स्कूटरचा नंबर सांगितला. पेढीचा जुना फोन नंबर टाकून पाहिला, शहराच्या ०२३० या कोडसह आणि कोडशिवाय. सुताचे काउंट, म्हणजे जाडी-बारकाईचे आकडे, टाकून पाहिले, बँकेच्या खात्याचे शेवटचे आकडे टाकून पाहिले. तीन दिवसांत वहीची सात पाने भरली. खरे सांगायचे तर त्या सात पानांत अण्णा कमी आणि आम्ही जास्त होतो. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांना दिसलेले अण्णा सांगितले होते.

चौथ्या दिवशी मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली, जी पहिल्याच दिवशी आठवायला हवी होती. टॅली ईआरपी ९ मध्ये चालू कंपनीला व्हॉल्ट लावला की टॅली त्याच कंपनीला कुलूप घालत नाही. ती कुलूपबंद अशी एक नवी कंपनी नव्या क्रमांकाने तयार करते आणि जुनी, उघडी कंपनी आपल्या जागी तशीच राहते. ती हाताने काढून टाकायची असते. मी फोनवर अण्णांना तेही सांगितले होते, आणि त्यांनी ते ऐकले नसावे अशी आशा आता मी धरून होतो. डेटाच्या फोल्डरात १०००२ दिसत होता, १०००१ नव्हता. पण अण्णा कोणतीही गोष्ट फेकून देणाऱ्यांतले नव्हते. हार्ड डिस्कवर शोध लावल्यावर १०००१ डी ड्राइव्हमध्ये ‘जुने’ नावाच्या फोल्डरात सापडला. आतल्या फाइलींवर शेवटची तारीख होती १७ नोव्हेंबर २०१८. त्याला नुसते युजरचे कुलूप होते आणि त्याचा पासवर्ड, मीच बसवलेला असल्यामुळे, माझ्याकडे होता. पेढीचे नाव पडद्यावर अक्षरांत उमटले तेव्हा काकू खुर्चीवरून उठून जवळ आल्या.

अर्थात त्यात १७ नोव्हेंबरपर्यंतचाच हिशेब होता. पुढचे आठ महिने, म्हणजे ज्यांची येणी अजून यायची होती ते बहुतेक सगळे व्यवहार, स्टारांच्या मागेच होते. तरीही पाया हाती आला होता. सगळ्या पार्ट्यांची खाती, त्यांचे जीएसटी क्रमांक, मालाची नावे, मागची शिल्लक, हे सगळे तयार होते, आणि त्यावर पुढचे महिने बाहेरच्या कागदांवरून चढवता येणार होते. कोणी अशा प्रसंगात सापडले तर सांगण्यासारखा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

१ जुलै २०१७ पासून, म्हणजे जीएसटी आल्यापासून, नोंदणीकृत व्यापाऱ्याची विक्री त्याच्या एकट्याच्या संगणकात राहिलेली नाही. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात नोंदणीकृत गिऱ्हाइकाला केलेली विक्री बिलाबिलाने भरलेली असते : बिल क्रमांक, तारीख, रक्कम, कर. ती जीएसटीच्या पोर्टलवरून उतरवून घेता येते. खरेदी समोरच्या व्यापाऱ्यांनी भरलेली असते आणि ती जीएसटीआर-२ए या खरेदीच्या उताऱ्यात दिसते. पोर्टलचा पासवर्डही अण्णांनाच माहीत होता, पण तो नोंदवलेल्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने बदलता आला, आणि तो मोबाईल काकूंनी चार्ज करून देवघराशेजारी ठेवला होता म्हणून बरे. माणूस गेल्यावर त्याचे सिम लगेच बंद करण्याची घाई घरचे करतात. व्यापारी माणसाच्या बाबतीत ती वर्षभर तरी करू नये. बँकेचा उतारा हा तिसरा आधार. या तिन्हींवरून विक्री, खरेदी आणि चेकने किंवा आरटीजीएसने आलेले-गेलेले पैसे उभे राहतात.

उभे राहत नाही ते नेमके धंद्याचे मर्म असते. किरकोळ गिऱ्हाइकाची विक्री विवरणपत्रात एकगठ्ठा असते, त्यात नावे नसतात. रोखीचे पैसे बँकेत दिसत नाहीत. एका चेकने आलेले साडेतीन लाख कोणकोणत्या बिलांपोटी आले, हे उताऱ्यावर लिहिलेले नसते. सुतात तर दर रोज हलतो. माल गेल्यावर दरफरक तोंडी ठरतो, चार बाचकी ओली निघाली म्हणून परत येतात, दहा दिवसांत पैसे दिले तर काही टक्के सोडले जातात, आणि या सगळ्याची नोंद मालकाने संध्याकाळी टॅलीत मारलेली असते ती असते. आम्ही दलालाची डायरी आणली, गोदामातून वाचलेली पावतीपुस्तके उन्हात वाळवून एकमेकांना चिकटलेली पाने सोडवली, आणि मुलगा आणि मी मिळून १०००१ च्या प्रतीवर एन्ट्र्या मारू लागलो. सहा दिवसांत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आलो. पार्ट्यांना फोन करून ‘तुमच्या वहीत आमचे किती दिसतात?’ असे विचारण्याचा मार्ग होताच, पण काकूंनी तो करू दिला नाही. ‘आपल्याला माहीत नाही हे एकदा कळलं, की आकडा निम्मा सांगतील,’ त्या म्हणाल्या. आयुष्यभर पेढीच्या वरच्या मजल्यावर राहिलेल्या बाईला बाजार आमच्यापेक्षा जास्त कळत होता.

घाई होती ती टॅक्स ऑडिटची. ऑडिट करून घ्यावे लागेल इतकी पेढीची उलाढाल होती आणि मुदत ३० सप्टेंबर होती. ती पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली, पण वाढवल्याचा हुकूम सप्टेंबरच्या अगदी शेवटी निघाला; ऑगस्टमध्ये आम्हाला ३० सप्टेंबरच दिसत होता. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायच्या असतात, आणि वारसांना ‘पासवर्ड सापडत नाही’ हे उत्तर तिथे देता येत नाही.

या काळात दोन-तीन ठिकाणांहून निरोपही आले की डेटा पाठवून द्या, दोन दिवसांत व्हॉल्ट काढून देतो. मी नाही म्हणालो. फोल्डर पाठवणे म्हणजे शहरातल्या निम्म्या यंत्रमागवाल्यांच्या उधारीची यादी अनोळखी माणसाच्या हाती देणे, आणि ज्या भीतीने अण्णांनी व्हॉल्ट लावला तीच आपण खरी करणे. शिवाय मी साधे गणित मांडले. पासवर्ड आठ अक्षरांचा आहे आणि त्यात इंग्रजी मोठी-लहान अक्षरे आणि अंक यांपैकी काहीही असू शकते असे धरले, तर शक्यता होतात २१८ लाख कोटींच्या वर. सेकंदाला एक लाख शब्द टाकून बघणारा प्रोग्रॅम बसवला तरी सगळे तपासायला ६९ वर्षे लागतील. पासवर्ड किती अक्षरांचा आणि कोणत्या घडणीचा, याचा काहीतरी सुगावा असल्याशिवाय यंत्राला कामाला लावण्यात अर्थ नसतो, आणि आमच्याकडे सात पानांचे चुकलेले अंदाज सोडले तर सुगावा नव्हता.

शनिवारी, ३१ ऑगस्टला, एन्ट्री मारता मारता मुलगा सहज म्हणाला की ऑडिटची एक फेरी झाली असेल ना, बाबा जूनमध्ये पेनड्राइव्ह घेऊन सीएंकडे गेले होते. मी हातातले बिल खाली ठेवले. इतके दिवस मी अण्णांच्या डोक्यात काय असेल याचा विचार करत होतो. डेटा कुठे कुठे गेला असेल आणि तिथे तो कोणाला तरी उघडावा लागला असेल, याचा विचार मी केलाच नव्हता. जूनमध्ये गेलेला डेटा व्हॉल्टमधलाच असणार. तो सीएंच्या संगणकावर स्टारांच्याच रूपात उतरला असणार, आणि तिथे कोणीतरी तो पासवर्ड टाकून उघडल्याशिवाय ऑडिट पुढे सरकले नसणार.

सीएंच्या ऑफिसात डेटा होता, आणि तिथेही स्टारच होते. ज्या मुलीने ते काम केले होते तिची आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) पूर्ण होऊन ती परीक्षेच्या अभ्यासाला घरी बसली होती. तिला फोन लावला. तिला आठवत होते. अण्णा स्वतः खुर्चीवर बसले होते, त्यांनी स्वतःच पासवर्ड टाकला आणि ‘एवढा मोठा नंबर कसा लक्षात राहतो?’ असे तिने विचारल्यावर हसून काहीतरी म्हणाले होते. काय म्हणाले, ते नेमके आठवत नव्हते. ‘पण सर, मी फाइलवर लिहिलं असेल,’ ती म्हणाली. ‘पुन्हा लागला तर त्यांना फोन करायचा म्हणून.’ कपाटातून फाइल काढली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, जिथे आर्टिकल मुले चहाचे हिशेबही लिहून ठेवतात, पेन्सिलने बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘व्हॉल्ट – जुन्या शेडचे लाईट बिल नं.’

अण्णा सुताच्या व्यापारात येण्यापूर्वी माग चालवत होते, हे मला ऐकून माहीत होते. गावात आठ मागांची शेड होती. ती त्यांनी विकून बरीच वर्षे झाली होती. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. दर महिन्याला खिडकीपुढे रांगेत उभे राहून, तो क्रमांक सांगून ज्याने वर्षानुवर्षे बिल भरले आहे, त्याला तो नाव-गावासारखा पाठ असणार. आमच्या सात पानांच्या वहीत घरचा वीज ग्राहक क्रमांकही नव्हता, मग विकलेल्या शेडचा कोणाला सुचणार? जुनी बिले काकूंनी एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती, आणि ती पेटी गोदामात होती. पुराने तिच्यात लगदा करून ठेवला होता. सबडिव्हिजनच्या ऑफिसात चौकशी करता आली असती, पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि सोमवारी गणेश चतुर्थी. इतके थांबण्याची माझी तयारी नव्हती.

रविवारी सकाळी मुलगा आणि मी त्या शेडवर गेलो. माग चालू होते. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही तोंड कानाला लावून बोलावे लागते. शेड विकत घेतलेले गृहस्थ दारातच भेटले, अण्णांच्या जाण्याबद्दल बोलले, आणि आम्ही कशासाठी आलो हे ऐकल्यावर आधी त्यांना चेष्टा वाटली. मग ते आम्हाला कांड्यांच्या यंत्रामागे घेऊन गेले. मीटरच्या फळीशेजारी खिळ्याला एक तार लटकत होती आणि तिच्यात महिन्यामागून महिना बिले ओवलेली होती. प्रत्येक कागदावर कापसाचा बारीक पांढरा थर बसला होता. त्यांनी वरचे बिल तारेतून न काढता आमच्याकडे वळवून धरले आणि फुंकर मारली. ग्राहकाच्या नावाच्या जागी अण्णांचे नाव होते. कनेक्शन नावावर करून घेण्याचे राहूनच गेले, असे ते काहीसे ओशाळून म्हणाले. मुलाने मोबाईलवर फोटो काढला. तो थोडा हलला, म्हणून दुसरा काढला.

पेढीवर आल्यावर आकडे मी वाचले आणि काकूंनी टाकले, एका बोटाने, प्रत्येक आकड्यानंतर पडद्याकडे पाहत. दहाव्या आकड्यावर चुकल्यासारखे वाटले म्हणून सगळे पुसून पुन्हा टाकले. एंटर दाबल्यावर टॅलीने युजरचे नाव विचारले, आणि मला माहीत होते की आता आपण राखणदारापाशी आलो आहोत, तिजोरी उघडली आहे. तो पासवर्ड जुनाच होता.

आत काय होते, हे एका पेढीचे खासगी आहे, त्यामुळे तपशील लिहीत नाही. फक्त एक तुलना सांगण्यासारखी आहे. आम्ही बाहेरच्या कागदांवरून उभा केलेला १७ नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा हिशेब मी अण्णांच्या हिशेबाला लावून पाहिला. विक्री पैशापर्यंत जुळली. खरेदीत दोन बिले इकडची तिकडे होती. येण्याच्या यादीत मात्र अकरा पार्ट्यांचे आकडे वेगळे होते, आणि त्या अकरांपैकी नऊ ठिकाणी आम्ही धरलेले येणे जास्त होते, कारण अण्णांनी दरफरक दिला होता आणि त्याची क्रेडिट नोट फक्त टॅलीत होती. आमच्या यादीवरून वसुलीला गेलो असतो तर नऊ जणांशी भांडण झाले असते आणि नवांपैकी नवांचे म्हणणे खरे असते.

टॅलीचा जन्मही अशाच धंद्यात झाला, हे त्या दिवसांत मला उगाच आठवत राहिले. बंगळुरूचे श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत असत. आपला हिशेब ठेवायला मनासारखा प्रोग्रॅम मिळेना म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंकांना, तो लिहायला लावला, आणि त्यातून १९८६ साली ही कंपनी उभी राहिली. त्याआधीच्या लाल वह्यांना कुलूप नसे. मालक गेला तर दिवाणजी किंवा मुलगा वही उघडून वाचायला बसत असे, अडचण असलीच तर मोडी अक्षराची.

व्हॉल्ट लगेच बदलावा, असे मी सुचवले होते, कारण तो क्रमांक आता आम्हा तिघांखेरीज एका पुठ्ठ्यावर आणि एका खिळ्यावरही होता. काकू म्हणाल्या, ऑडिट होऊ द्या. तोवर त्या रोज सकाळी दहाला पेढीवर येत, चष्मा लावत आणि तेच बारा आकडे टाकून टॅली उघडत. मुलाने त्यांना व्हाउचर टाकायला शिकवले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ऑडिट सही होऊन आले. त्याच संध्याकाळी नवा पासवर्ड काकूंनी स्वतः ठरवला, आम्हाला बाहेर जायला सांगून टाकला, कागदावर लिहिला आणि पाकीट बंद करून बँकेच्या लॉकरसाठी बाजूला काढले. या वेळी जुना फोल्डरही मी तिथेच बसून दोन डिस्कवर उतरवला, दोन्ही उघडून पाहिल्या आणि मगच संगणकावरून काढला.

आठवडाभराने शेडवाले गृहस्थ वीज कनेक्शन आपल्या नावावर करण्याचा अर्ज घेऊन वारसांच्या सहीसाठी आले. अर्ज कोराच होता. बिल आणायला ते विसरले होते आणि परत जाऊन घेऊन येतो म्हणत होते. काकूंनी त्यांना बसायला सांगितले, अर्ज पुढे ओढला आणि ग्राहक क्रमांकाच्या जागी बारा आकडे एका दमात लिहून काढले.